शेजारणीच्या भरवशावर चालणारं शहर

मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत राहून चेंबूरला चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी साडेसहाला घर सोडते. नवरा त्याआधीच नाक्यावर गेलेला असतो. थोरली मुलगी सकाळच्या शाळेत, धाकटा तीन वर्षांचा. अंगणवाडी उघडते तेव्हा ती दुसऱ्या घरची भांडी घासत असते आणि अंगणवाडी सुटते तेव्हा तिसऱ्या घरी पोळ्या लाटत असते. मग त्या पोराला अंगणवाडीत नेतं कोण? आणतं कोण? दुपारी भात कोण भरवतं, अंग तापलं तर आईला फोन कोण करतं?

शेजारची मावशी करते. मुंबईतल्या कुठल्याही कष्टकरी वस्तीत विचारा, हेच उत्तर मिळेल. ते इतकं सहज मिळतं की यामागे एक अख्खी व्यवस्था उभी आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पाळणाघर परवडत नाही, सासू गावी आहे, रजा घेतली तर पगार कापला जातो. या सगळ्या फटी रोजच्या रोज बुजवण्याचं काम शेजारी करतात. ही व्यवस्था चालते कशी, तिला काय लागतं आणि ती कुठे मोडते, हे या लेखात बघू.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अशा मदतीचं कौतुक करताना आपण "गरिबाचं मन मोठं असतं" असं म्हणून मोकळे होतो. मन मोठं असतंही. पण शेजाऱ्याचं पोर सांभाळणं हे काम आहे. त्यात वेळ जातो, अंग मोडतं, पदरचे पैसे जातात. त्याला नियम असतात आणि ते चालायला काही गोष्टी जागेवर असाव्या लागतात. त्या काढून घेतल्या तर कितीही मोठं मन असलं तरी मदत पोचत नाही.

न लिहिलेला हिशेब

वाटीभर साखर उसनी नेली तर ती परत करताना वाटी काठोकाठ भरायची, हे चाळीत वाढलेल्या कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही. शेजारणीने थालीपीठ पाठवलं तर तिचं ताट रिकामं परत जात नाही. त्यात काहीतरी असतं, निदान दोन लिंबं. आणि ते लगेच त्याच दिवशी परत जात नाही. दोन-चार दिवस जाऊ देतात. घाईने परतफेड केली तर समोरचीला वाटतं, हिला माझे उपकार नकोत, हिला संबंध नको. कुणाचं ना कुणाचं काहीतरी देणं सतत बाकी राहतं, म्हणूनच पुन्हा एकमेकींचं दार वाजवायला कारण उरतं.

ही झाली रोजची उसनवारी. बाळंतपण, दवाखाना, मयत अशा मोठ्या प्रसंगांचा हिशेब वेगळा असतो. तिथे जिने केलं तिलाच परत करायचं असं नसतं. माझ्या बाळंतपणात ज्या काकूंनी महिनाभर मोठ्याला जेवू घातलं, त्यांना माझ्याकडून तशी मदत कधी लागणारही नाही. पण पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या सुनेला लागेल आणि तेव्हा मी जाईन. देणारी एक, घेणारी दुसरी, फेडणारी तिसरी. समाजशास्त्रात अशा देवघेवीचा बराच अभ्यास झाला आहे. सोप्या भाषेत ती विम्यासारखी चालते. हप्ता सगळ्यांनी भरायचा आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याच्या कामी तो यायचा. फरक इतकाच की इथे हप्ता वेळेचा आणि श्रमाचा असतो आणि पॉलिसीचा कागद कुणाकडेच नसतो.

पैशाच्या बाबतीत हेच काम भिशी करते. समजा गॅलरीतल्या बारा जणी दर महिन्याला हजार रुपये काढतात. महिन्याला बारा हजार जमतात आणि ते एकीला मिळतात. नंबर चिठ्ठीने लागतो. जिला पहिल्या महिन्यात मिळाले तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिला शेवटी मिळाले तिची बचत झाली. कुठे तारण नाही, जामीनदार नाही, आधार कार्डाची झेरॉक्स नाही. शंभर पानी वहीत नावं आणि महिन्यांपुढे टिकमार्क असतात, बस. खरी गंमत वहीबाहेर असते. कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं, कुणाच्या मुलाची कॉलेजची फी भरायची वेळ आली, तर जिचा नंबर असतो ती म्हणते, "या महिन्यात तू घे, मी तुझ्या नंबरला घेते." असा नंबर बदलून घ्यायला कुठल्याही बँकेत खिडकी नाही. पैसे बुडत नाहीत याचं कारणही सरळ आहे: बुडवणारीला उद्या सकाळी त्याच नळावर पाणी भरायचं असतं.

मात्र भिशीत शिरायला दर महिन्याला ठरलेले पैसे काढता यावे लागतात. जिचं काम आज आहे उद्या नाही, तिला कुणी सहसा घेत नाही. जिला सगळ्यात जास्त गरज तीच बाहेर राहते. ही उणीव लहान नाही. पुढे ती पुन्हा पुन्हा दिसेल.

मयताच्या वेळी या व्यवस्थेची शिस्त सगळ्यात स्पष्ट दिसते. घरातून रडण्याचा आवाज आला की पहिल्या अर्ध्या तासात, कुणी न सांगता, कामं वाटली जातात. एक जण डॉक्टरच्या दाखल्यासाठी धावतो. दुसरा गावी आणि नातेवाइकांना फोन लावत बसतो. दोघंतिघं सामान आणायला निघतात, कुणी स्मशानात वेळ विचारून येतो. बायका घरातल्या पोरांना आपल्या घरी घेऊन जातात, म्हातारीला धरून बसतात, आलेल्यांसाठी पाण्याची कळशी बाहेर आणून ठेवतात. त्या घरात चूल पेटत नाही. कडू घास शेजारून येतो, पिठलं-भात किंवा साधं वरण. खर्चासाठी पुष्कळ मंडळांकडे मयत फंड असतो. त्यातून लगेच रोख रक्कम निघते, कारण बँक उघडेपर्यंत थांबायला वेळ नसतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलं हे सगळं बघत असतात, आणि पुढच्या वेळी दाखल्यासाठी धावणारा त्यांच्यातलाच एक असतो.

इथे पुरुष आणि बायकांच्या कामातला फरकही दिसतो. खांदा देणं, रात्री हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर बसणं, रक्त देणं, वर्गणी गोळा करणं ही पुरुषांची कामं प्रसंगापुरती असतात आणि चारचौघांना दिसतात. मंडळाच्या फलकावर त्यांची नावं लागतात. रोज अकरा वाजता पलीकडच्या आजींना गोळी देणं, दोन घरची पोरं एकत्र जेवायला बसवणं, गॅस आणि नळावर नजर ठेवणं, हे काम बायकांचं. ते रोजचं असतं म्हणूनच ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

गिरणगावात हे कसं रुजलं

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, नायगाव, शिवडी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. कामगार आले ते मुख्यत्वे कोकणातून आणि घाटावरून, आणि बरेचसे एकटे. बायको-पोरं गावी, शेत गावी, म्हातारे आईबाप गावी. शहरात पुरुषाच्या वाट्याला एक वळकटी आणि बैठकीच्या खोलीत अंग टाकायला जागा. एका गावची माणसं मिळून अशी खोली घेत. रातपाळीवाले सकाळी येऊन झोपत तेव्हा दिवसपाळीवाले बाहेर पडलेले असत. नव्याने आलेल्या पोराला गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लावून देणं, तो आजारी पडला तर सांभाळणं, फारच झालं तर कुणाच्या सोबतीने गावी पोचवणं, हे सगळं ती खोली करत असे.

जेवण मात्र खानावळीत. या खानावळी म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या बाईचं राहतं घर. दहा बाय बाराच्या खोलीत ती दहा-पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक दोन्ही वेळा करायची. नवऱ्याची नोकरी गेलेली, कधी नवराच गेलेला, आणि हाताला येतं ते काम रांधण्याचं. पैसे महिन्याच्या पगारावर मिळायचे, म्हणजे तोवरचा किराणा तिने उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर आणायचा. संप झाला, पगार थांबला, तरी जेवण थांबवणं तिला जमत नसे. सत्तरच्या दशकातल्या संपात या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. संप टिकला तो पुढाऱ्यांच्या भाषणांइतकाच त्यांच्या चुलीवर. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आणि नंतर कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे ओळखलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून देऊन सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्याचा मार्ग काढला. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. बायका आधीच जे करत होत्या त्याला प्रेमाताईंनी 'काम' मानलं आणि त्या कामाला लागणारं भांडवल मिळवून दिलं. कौतुक करून त्या थांबल्या नाहीत.

चाळीच्या बांधणीचाही या शेजारात मोठा वाटा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामायिक, समोर लांबच लांब सामायिक वाट. एवढ्या खोलीत दार बंद करून राहता येत नाही, कोंडायला होतं. म्हणून दार दिवसभर उघडं. दार उघडं म्हणून आत कोण पडलंय, कुणाचं पोर एकटं आहे, कुणाची चूल आज पेटली नाही, हे येता-जाता दिसायचं. विचारपूस करायला वेगळं उठून जावं लागत नसे.

गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर होती. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून दिवसाच्या कुठल्याही वेळी मजल्यावर चार-पाच मोठी माणसं असायचीच. केईएम आणि वाडिया ही रुग्णालयंही जवळ, त्यामुळे दवाखान्यात डबा पोचवणं आणि रात्री पाळीपाळीने बसणं शक्य होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसं जागेवर टिकली. खासगी चाळींत भाडं कायद्याने गोठलेलं होतं, त्यामुळे तीन-तीन पिढ्या एकाच खोलीत गेल्या. उपकाराची फेड दहा वर्षांनी करायची तर दहा वर्षांनी दोघींनी तिथे असायला हवं. भाड्याने अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाला या हिशेबात शिरताच येत नाही. आज नालासोपारा, दिवा, कळवा इथल्या भाड्याच्या खोल्यांत हीच अडचण आहे. माणसं तशीच, गरजा त्याच, पण ओळख पक्की व्हायच्या आत सामान टेम्पोत चढलेलं असतं.

सगळ्यांची चाळ नव्हती

चाळीच्या आठवणी सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो, पण तो गाळला तर विषय कळणारच नाही. गावाच्या खोलीत गावची माणसं यायची, पण गावात जी जात वेगळी बसायची ती इथेही वेगळीच राहायची. खानावळींचं तेच. कामाची शिफारस ओळखीतून होत असल्याने कुणाला कुठलं खातं मिळणार हेही त्यातूनच ठरायचं. तुटलेला धागा ओढायला धोट्याला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाला, तोंड लावावं लागतं म्हणून दलित कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, घेतलं जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न थेट उपस्थित केला होता. एका यंत्रावरची लाळ ज्यांना चालत नव्हती, त्यांच्यात वाटीभर साखरेची देवघेव कितपत होत असेल याचा विचार करावा.

म्हणून दलित वस्त्यांनी आपली मंडळं, आपल्या बौद्धजन पंचायत समित्या, आपले बुद्धविहार उभे केले, आणि ज्यांना दुसऱ्यांच्या व्यवस्थेत जागा नव्हती त्यांनी स्वतःची व्यवस्था जास्त नेटाने बांधली. मुसलमान वस्त्यांत मशिदीभोवतीच्या समित्या आणि जमाती (समाजाच्या संघटना) हेच काम करतात. ओळखीवर चालणारी मदत ओळखीच्याच कुंपणात फिरते, ही तिची मर्यादा आहे.

दुसरी मर्यादा नजरेची. उघड्या दारातून जी नजर पोराची काळजी घेते, तीच नजर तरुण मुलगी किती वाजता आली हेही टिपते. परजातीत लग्न केलेलं जोडपं, नवऱ्याला सोडून आलेली बाई, एचआयव्हीची बाधा झालेला तरुण, तृतीयपंथी व्यक्ती, यांना या आपुलकीच्या बदल्यात पुष्कळदा मान खाली घालायला लावली जाते. पातळ भिंतीपलीकडे नवरा मारतो आहे हे सगळ्या मजल्याला ऐकू येतं. कधी कुणी दार वाजवतं, कधी "त्यांच्या घरातला मामला" म्हणून सगळे गप्प बसतात. दोन्ही खरं आहे.

सगळ्यांवर एकदम वेळ येते तेव्हा

विम्याच्या उदाहरणाकडे परत येते, कारण या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा धोका त्यातून समजतो. एका घरावर संकट आलं तर एकोणीस घरं ते पेलतात. पण वीसही घरांवर एकाच दिवशी आलं तर पेलणार कोण?

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले महिने शेजारपण, वाण्याची उधारी, गावाहून आलेले तांदूळ, खानावळवालीची सबुरी यांवर निघाले. मग एकेक करून सगळंच आटत गेलं, कारण ज्याच्याकडून उसनं घ्यायचं त्याचाही पगार बंद होता. वाण्याने माल देणं थांबवलं, भांडी मोडीत गेली, दागिने गहाण पडले. पुष्कळ कुटुंबं गावी परतली ती कायमची. बायका घरकामाला, भाजी विकायला, पापड लाटायला बाहेर पडल्या, म्हणजे दुपारी मजल्यावर ज्यांच्या भरवशावर पोरं असायची त्याच बायका आता मजल्यावर नव्हत्या. शेजाऱ्यांची मनं बदलली नव्हती, त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

२०२० च्या टाळेबंदीत हेच पुन्हा घडलं. पाच-सात घरांनी मिळून एकत्र स्वयंपाक करणं, रेशन वाटून घेणं, बाधिताच्या दाराशी डबा ठेवून लांब उभं राहणं, हे धारावीपासून गोवंडीपर्यंत झालं. पण रोजंदारी सगळ्यांचीच थांबली होती. म्हणून बाहेरून धान्य आणि शिजवलेलं अन्न यावंच लागलं. ते महापालिकेकडून, संस्थांकडून, गुरुद्वारांकडून, साध्या नागरिकांकडून आलं. ते घरोघर कुणाकडे पोचवायचं, कुठल्या घरात बाळंतीण आहे आणि कुठे एकटा म्हातारा आहे, ही यादी मात्र वस्तीतल्या बायकांच्या तोंडपाठ होती. बाहेरून येणारी साधनं आणि आतली माहिती एकत्र आली तिथे माणसं वाचली.

लांबणाऱ्या आजारांतही शेजार कमी पडतो. बाळंतपण महिन्या-दोन महिन्यांत आटोपतं, हाड मोडलं तर सहा आठवड्यांत जुळतं. पण पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला माणूस, डायलिसिसचा रुग्ण, स्मृतिभ्रंश झालेली आजी यांना वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. सुरुवातीला सगळे येतात. सहा महिन्यांनी एखाददुसरी येते. पाचव्या वर्षी घरातली एकच बाई, बहुधा सून किंवा लेक, एकटी उरते. तिला कूस बदलून द्यायला, जखम होऊ नये म्हणून काय करायचं ते शिकवायला कुणीतरी लागतं. केरळमध्ये गेल्या अडीच दशकांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना शिकवून, त्यांच्या पाठीशी परिचारिका आणि डॉक्टर उभे करून घरी पडलेल्या रुग्णांची शुश्रूषा करण्याची मोठी व्यवस्था उभी राहिली. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणलं. तिथे शेजाऱ्याला एकटं सोडलेलं नाही, म्हणून तो टिकतो.

मोजणीत न येणारं काम

२०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर पाहणी केली. कोण दिवसाचा किती वेळ कशावर घालवतं, याची. घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं त्यात दिसलं. घरातल्यांची काळजी घेण्यात बायकांची १३४ मिनिटं जातात आणि पुरुषांची ७६. हे घरातल्या घरातलं. घराबाहेरच्या, शेजाऱ्याच्या काळजीचं काय? ते विनामोबदला स्वयंसेवेसारख्या खान्यात पडतं आणि तिथला आकडा अगदीच किरकोळ दिसतो. माझ्या मते कारण साधं आहे. आमटीला फोडणी देता देता शेजारच्या पोराकडे लक्ष ठेवणाऱ्या बाईला विचारलं की काल दिवसभरात काय केलंस, तर ती म्हणते, "स्वयंपाक केला." पोर सांभाळलं हे तिलाही काम वाटत नाही.

आता लेखाच्या सुरुवातीच्या मावशीचं बघा. टॉवरमधली आई ऑफिसला जाते, कारण तिचं मूल सांभाळायला आणि घर आवरायला बाई आहे. ती बाई कामावर येते, कारण तिचं मूल सांभाळायला मावशी आहे. ऑफिसातल्या आईला पगार आणि प्रसूतीची रजा आहे. घरकाम करणारीला पगार थोडा आणि रजा मालकिणीच्या मर्जीवर. तिच्यासाठी महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा तरी आहे. साखळीच्या टोकाला असलेल्या मावशीला महिन्याकाठी काहीशे रुपये मिळतात, सणाला साडी मिळते किंवा काहीच मिळत नाही. आणि ती नसेल तर वरची सगळी साखळी त्या दिवशी थांबते.

सरकारी योजनाही याच शेजारणीवर टेकलेल्या आहेत. २००५ पासून आलेली 'आशा' आरोग्य कार्यकर्ती ही त्याच वस्तीतली बाई असावी अशी अट आहे, कारण दार तिलाच उघडलं जातं. पण ती सरकारी नोकर नाही, तिला मानधन आणि कामागणिक मोबदला. क्षयरोगाच्या डॉट्स उपचारात रुग्णाला डोळ्यांसमोर गोळी देणारी व्यक्ती पुष्कळदा वस्तीतलीच कुणी असते. शेजारपणाचा उपयोग करून घ्यायला माझी हरकत नाही, उलट तेच शहाणपणाचं आहे. हरकत आहे ती त्याला फुकटचं समजण्याला. आशा, अंगणवाडी सेविका, पालिकेच्या आरोग्य सेविका वर्षामागून वर्ष आझाद मैदानात का येऊन बसतात, याचं उत्तर इथे आहे.

टॉवरच्या सोडतीत काय हरवतं

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या उंच इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांचं स्वतःचं घर, घरात संडास, चोवीस तास नळ. याचा आनंदच व्हायला हवा. सामायिक संडासाच्या रांगेत पोट दाबून उभ्या राहिलेल्या बाईला "चाळीतला शेजार छान होता हो" असं बाहेरच्याने सांगू नये.

पण पुनर्वसन करताना एक गोष्ट कुणी विचारातच घेत नाही. कुणाला कुठला मजला, कुठली खोली हे सोडतीने ठरतं. वशिलेबाजी टाळायला ते योग्यही आहे. परिणाम असा होतो की चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या दोघींपैकी एक नवव्या मजल्यावर जाते आणि दुसरी एकतिसाव्या. लिफ्ट आहे, फोन आहे, पण दार बंद आहे. आजी सकाळपासून बाहेर दिसल्या नाहीत हे कळायला त्या आधी दिसाव्या लागतात. मानखुर्द-गोवंडीच्या वसाहतींत तर याहून वाईट झालं. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी उठवलेली कुटुंबं तिथे आणून सोडली गेली, कामाच्या घरांपासून लांब, जुन्या शेजारापासून तुटून, एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या इमारतींत. खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचतं ना वारा, आणि अशा घरांत क्षयरोग जास्त आढळतो हे अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. जिथे काळजीची गरज वाढली तिथेच काळजी घेणारी माणसं पांगली.

यावर उपाय अवघड नाहीत. सोडत एकेका घराची न काढता चार-सहा शेजारी कुटुंबांच्या गटाची काढता येईल. ज्यांना गटात जायचं ते आपली नावं एकत्र देतील, ज्यांना शेजारापासून सुटका हवी ते स्वतंत्र देतील, आणि तीही काहींना हवी असते. गट कुठल्या मजल्यावर जाणार हे चिठ्ठीच ठरवेल, त्यामुळे वशिल्याला वाव राहत नाही. लिफ्टसमोर नुसती अरुंद वाट न ठेवता दोन बाकं मावतील एवढी उजेडाची जागा सोडली तर म्हाताऱ्या माणसांना दाराबाहेर येऊन बसायला कारण मिळेल.

आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी खोली सोडण्याचा नियम आहेच. जिथे ती खोली कुलूपबंद आहे किंवा तिच्यात मंडळाच्या खुर्च्या आणि गणपतीचं सामान पडलं आहे, तिथे सोसायटीच्या पुढच्या सभेत तिच्या किल्लीबद्दल विचारावं. अंगणवाडीला जोडून दिवसभराचं पाळणाघर चालवण्यासाठी केंद्राची पाळणा योजना आहे. त्या खोलीत पंखा, दोन चटया, पिण्याच्या पाण्याची सोय आणि आजवर फुकट पोरं सांभाळत आलेल्या मावशींपैकी दोघींना महिन्याचा ठरलेला पगार, एवढ्यावर सुरुवात होते. सभेच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा घ्यायला सचिवाकडे आधी लेखी अर्ज द्यावा, म्हणजे ऐनवेळचा विषय म्हणून तो शेवटी ढकलला जाणार नाही.